रात्रीचा एक तास दोनदा आला आणि लॉग बॅकअपची साखळी तुटली – मदत हवी आहे

घणसोलीची_डीबीए · मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, रात्री १:५२

नमस्कार. ऐरोलीच्या ऑफिसमधून लिहितेय, शिफ्ट चालू आहे. सकाळी साडेसहाच्या आत हे सुटलं तर फार उपकार होतील, कारण तेव्हा तिकडे रात्रीचे आठ वाजतात आणि तीच मुदत मिळाली आहे.

क्लायंट न्यू जर्सीतला, पॅथॉलॉजी लॅबची साखळी. सर्व्हर तिथल्या स्थानिक वेळेवर चालतो. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम), एकच मोठा डेटाबेस. शनिवारी रात्री ११ ला फुल बॅकअप (सगळ्याची नक्कल), बाकी दिवशी रात्री ११ ला डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतर जे बदललं ते), आणि दर पाव तासाला लॉग बॅकअप (आधीच्या लॉगनंतरच्या बदलांची नोंद, म्हणून हे एकामागून एक क्रमानेच लावावे लागतात). लॉगसाठी आमच्याच टीममधल्या कुणीतरी लिहिलेली एक छोटी सर्व्हिस आहे. ती घड्याळ बघत बसते, मिनिटं ००, १५, ३० किंवा ४५ झाली की लॉग काढते आणि फाइलला तारीख-तास-मिनिट असं नाव देते. रात्री सव्वा वाजता काढलेल्या फाइलच्या शेवटी ०११५.

रविवारी २ तारखेला अमेरिकेत घड्याळं मागे गेली (उन्हाळ्यासाठी तिकडे ती एक तास पुढे ठेवतात). न्यू जर्सीत रात्रीचे २ वाजायला आले की परत १ वाजतो. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा. माझी सुट्टी होती. घरात सगळ्यांचं लक्ष महिला क्रिकेट विश्वचषकाच्या नेरूळच्या फायनलकडे, पाऊस पडला तर काय ही एकच चिंता. घड्याळ बदलणार हे मला पक्कं माहीत होतं, पण त्याचा अर्थ माझ्या लेखी एवढाच होता की सोमवारपासून पिकअपची गाडी साडेपाचऐवजी साडेसहाला येणार. बॅकअपचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

सोमवारी येऊन बसले तर तक्रारीचं तिकीट वाट बघत होतं. रविवारी तिथल्या सकाळी ९:४० ला कुणीतरी तपासण्यांच्या दरपत्रकाच्या टेबलवर अट न घालता डिलीट मारलं. २,३१६ ओळी गेल्या. आता त्यांना ९:३५ ची स्थिती दुसऱ्या सर्व्हरवर उभी करून हवी आहे, तिथून ते दर उचलून घेतील. असं काम मी याआधी पाच-सहा वेळा केलंय. रिस्टोरची (बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करायची) स्क्रिप्ट तयारच असते, ती फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने घेते आणि एकामागून एक लावत जाते.

फुल लागला. ०१४५ पर्यंतचे लॉग बिनतक्रार लागले. ०२०० ला अडकलं. एरर ४३०५, म्हणजे हा लॉग ज्या एलएसएनपासून (प्रत्येक नोंदीला मिळणारा चढता क्रमांक) सुरू होतो तो तुमच्या डेटाबेसच्या फार पुढचा आहे, आधीचा लॉग आणा. पण आधीचा लॉग म्हणजे ०१४५, आणि तो मी आत्ताच लावलाय!

मग फोल्डर मोजला. रविवारच्या ९६ फाइली. रोज ९६ च असतात, २४ गुणिले ४. पण रविवार तिथे २५ तासांचा होता, म्हणजे १०० हव्या होत्या. पहिल्या एक ते दोनमध्ये चार फाइली निघाल्या, दुसऱ्या एक ते दोनमध्ये त्याच नावांच्या परत चार. मला वाटतं दुसऱ्या चारांनी पहिल्या चार पुसल्या.

मॉनिटरिंगमध्ये सगळं हिरवं आहे, कारण ते ९६ मोजतं आणि ९६ सापडल्या. आता आठवतंय की ९ मार्चला, घड्याळ पुढे गेलं त्या दिवशी, ९२ च आल्या होत्या आणि लाल दिवा लागला होता. "घड्याळामुळे" असं लिहून आम्ही ते तिकीट बंद केलं. त्या दिवशी खरं म्हणजे काहीच हरवलं नव्हतं.

माझा प्रश्न: ते चार लॉग गेलेच असतील तर ९:३५ पर्यंत जायचा दुसरा कुठला रस्ता आहे का? पुढचा डिफरन्शियल थेट रविवारी रात्री ११ चा आहे, त्यात डिलीट झालेलं सगळं आलेलं असणार.

---

कोपरी_पूर्व · रात्री २:१०

रविवारी पहाटे कुणी हाताने वेगळा डिफरन्शियल किंवा फुल काढला होता का ते आधी बघा. पॅच टाकण्याआधी लोक काढून ठेवतात आणि कुणाला सांगत नाहीत. २ ते ९:३५ च्या मधला एखादा मिळाला तर तुटलेले लॉग लागतच नाहीत. शनिवारचा फुल, त्यावर तो डिफरन्शियल, आणि तिथून पुढचे लॉग. मधल्या लॉगची गरज डिफरन्शियलला नसते.

---

घणसोलीची_डीबीए · रात्री २:१८

बघितलं. बॅकअपच्या इतिहासात तसं काही नाही. मला आत्तापर्यंत वाटायचं की डिफरन्शियल लावायलाही मधले लॉग लागतात, हे कळलं त्याबद्दल आभार.

---

वागळे_इस्टेट_१६नंबर · रात्री २:४१

ताई, घाई करू नका आणि त्या फोल्डरमधलं काहीही हलवू किंवा पुसू नका. तुमचे लॉग गेलेले नाहीत असं मला वाटतं. का ते सांगतो.

तुम्ही म्हणता दुसऱ्या तासाच्या फाइलींनी पहिल्या तासाच्या पुसल्या. तसं झालं असतं तर तुमची गाडी ०२०० ला नाही, ०१०० लाच अडकली असती. कारण ००४५ नंतर लावायला घेतलेली ०१०० ही दुसऱ्या फेरीतली निघाली असती, म्हणजे तब्बल एक तास पुढची, आणि ४३०५ तिथेच आला असता. तुमच्याकडे ०१००, ०११५, ०१३०, ०१४५ चारही नीट लागल्या. म्हणजे त्या पहिल्या फेरीतल्याच आहेत. हरवलेली दिसतेय ती दुसरी फेरी.

आता ती गेली कुठे? एसक्यूएल सर्व्हरला बॅकअपची कमांड देताना इनिट असं लिहिलं तर तो त्या नावाच्या फाइलमधले जुने बॅकअप पुसून नवा ठेवतो. काहीच लिहिलं नाही तर नोइनिट धरतो, म्हणजे जुन्याच्या मागे नवा जोडतो. एका फाइलच्या पोटात दोन बॅकअप राहतात. आणि रिस्टोर करताना कितवा हवा हे सांगितलं नाही तर तो पहिलाच उचलतो. तुमच्या सर्व्हिसमध्ये इनिट लिहिलेलं नसणार, आणि रिस्टोरच्या स्क्रिप्टमध्ये कितवा हे लिहिलेलं नसणार. वर्षातले ३६४ दिवस याने काही बिघडत नाही, कारण नाव रोज नवं असतं.

०११५ च्या फाइलवर रिस्टोर हेडरओन्ली (फाइलच्या पोटात कुठले बॅकअप आहेत त्याची यादी देणारी कमांड) चालवा. एक ओळ आली तर माझं चुकलं. दोन ओळी आल्या तर पोझिशनच्या रकान्यात १ आणि २ दिसतील. मग फर्स्ट एलएसएन आणि लास्ट एलएसएन हे दोन रकाने कागदावर उतरवून घ्या. आधीच्याचा लास्ट तोच पुढच्याचा फर्स्ट असला की साखळी जुळली. वेळेच्या रकान्याकडे बघूच नका. तिथे दोन्ही ओळींना सव्वा एकच दिसेल आणि गोंधळ वाढेल. एलएसएनला घड्याळ माहीत नसतं, तो फक्त पुढे जातो.

लावायचा क्रम असा होईल: आधी चारही फाइलींमधला पहिला बॅकअप, ०१०० ते ०१४५. मग परत ०१०० वर येऊन चारही फाइलींमधला दुसरा. त्यानंतर ०२००. एका फाइलचे दोन्ही लागोपाठ लावायला जाल तर परत तोच एरर येईल.

तुम्ही हे करताय तोवर बाकीचं लिहितो, कारण दर मार्च-नोव्हेंबरला मी हे कुठल्या ना कुठल्या रूपात बघतो. घड्याळ बदललं की एक तास इकडे-तिकडे होतो एवढंच आपण धरून चालतो. आपल्याकडे घड्याळ बदलतच नाही, यूटीसीत (जगाची सामायिक वेळ, जी कधी पुढे-मागे होत नाही) साडेपाच तास मिळवले की झालं. तिकडच्या सर्व्हरवर मात्र वर्षातून एकदा दोन वेगवेगळ्या क्षणांना एकच नाव मिळतं, आणि एकदा एक नाव असं असतं की त्या नावाचा क्षणच उगवत नाही. रात्री २:३० ला लावलेल्या जॉबला मार्चच्या त्या रविवारी २:३० भेटतच नाही, १:५९ नंतर सरळ ३. मग तो जॉब चालेल, राहील की उशिरा चालेल हे शेड्युलर (ठरल्या वेळी जॉब सुरू करणारा प्रोग्राम) कोण आहे त्यावर ठरतं. डेबियन लिनक्सवरच्या क्रॉन या शेड्युलरने याचा विचार केलेला आहे. घड्याळ तीन तासांपेक्षा कमी सरकलं तर ठरावीक वेळेचा राहून गेलेला जॉब तो लगेच चालवतो आणि मागे आलेल्या तासातला परत चालवत नाही. पण तासाच्या जागी तारा (*, म्हणजे प्रत्येक तास) टाकून दर पाव तासाला लावलेला जॉब त्या दोन्ही तासांत चालतो. तुमची सर्व्हिस अगदी तसंच वागली. तिचं काही चुकलं नाही, चुकलं ते नाव ठेवण्यात.

फाइलच्या नावात यूटीसी घाला आणि शेवटी झेड (यूटीसीची खूण) लावा, म्हणजे दोन वर्षांनी उघडणाऱ्यालाही कळेल की ही कुठली वेळ. सर्व्हरचं घड्याळ न्यू जर्सीचं राहू दे, त्यांच्या रिपोर्टना ते लागत असेल. जॉब रात्री १ ते ३ च्या मध्ये ठेवू नका. आणि मॉनिटरिंगने फाइली मोजणं बंद करा, त्याला एलएसएनची साखळी तपासायला लावा.

---

घणसोलीची_डीबीए · पहाटे ३:०७

दोन ओळी आल्या.

पोझिशन १ आणि पोझिशन २. दोघींची सुरुवातीची वेळ १:१५. हात थरथरत होता म्हणून दोनदा चालवून बघितलं. ०१४५ च्या पहिल्याचा लास्ट एलएसएन आणि ०१०० च्या दुसऱ्याचा फर्स्ट एलएसएन आकड्याला आकडा जुळतोय, वहीत दोन्ही एकाखाली एक लिहून बोट ठेवून मिळवले. साइजकडे आधीच बघायला हवं होतं. त्या चार फाइली शेजारच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट आहेत.

सर्व्हिसचा कोडही उघडला. इनिट नाही. सुदैवाने नाही. कुणीतरी ते "स्वच्छ राहावं" म्हणून घातलं असतं तर आज पहिल्या फेरीतलं काहीच उरलं नसतं.

फुलपासून परत सुरू करतेय. डेटाबेस मोठा आहे, एक तास तरी जाईल.

---

वाशी_सेक्टर१७ · पहाटे ३:३०

वाचून बरं वाटलं. एक भर घालतो, कारण आमच्याकडे घड्याळ बदलण्याच्या दिवशी नाही तर त्याच्या आसपासच्या आठवड्यांत घोळ होतो.

आमच्याकडे लंडन आणि न्यूयॉर्क असे दोन सर्व्हर आहेत. लंडनचा बॅकअप तिथल्या मध्यरात्री सुरू होतो आणि पन्नास मिनिटांत संपतो. न्यूयॉर्कचा जॉब तिथल्या रात्री ८ ला ती फाइल ओढून घेतो. दोघांत पाच तासांचं अंतर, म्हणजे लंडनच्या मध्यरात्री न्यूयॉर्कला ७ वाजलेले असतात. मध्ये एक तास मिळतो, वर्षभर सुरळीत चालतं. पण ब्रिटनचं घड्याळ बदलतं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. यंदा ९ ते ३० मार्च आणि २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हे अंतर चारच तासांचं होतं. तेवढे दिवस बॅकअप सुरू व्हायला आणि ओढायला एकच वेळ. अर्धवट लिहिलेली फाइल तिकडे पोचायची, आणि कॉपी यशस्वी झाली म्हणून लॉगमध्ये हिरवं.

आम्ही आता वेळेवर अवलंबून राहत नाही. बॅकअप पूर्ण झाला की लंडनचा सर्व्हर शेजारी एक रिकामी फाइल ठेवतो, ती दिसल्याशिवाय न्यूयॉर्क हात लावत नाही.

---

नौपाडा_रहिवासी · पहाटे ५:१२

मी पहाटे उठतो, म्हणून हे आत्ता वाचलं. मी संगणकातला जाणकार नाही, बँकेतून निवृत्त झालोय, पण माझ्या घरी हेच होतं का ते विचारायचं आहे.

मुलगा लीड्सला असतो. त्याने वापरलेला लॅपटॉप मला दिला. मी त्यात घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून ठेवतो. आईचे, गावच्या घराचे, ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठचे १९६० च्या आसपासचे. चाळीस हजारांच्या पुढे गेलेत. दर रविवारी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर विंडोजमधल्या रोबोकॉपीने नक्कल होते, मुलानेच लावून दिलंय. एरवी पाच मिनिटांत होते. पण मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस एक रविवार असा येतो की सगळे चाळीस हजार फोटो नव्याने उतरतात, दिवसभर चालतं. परवाच्या २६ ऑक्टोबरलाही झालं. मी घाबरून एकेक फोटो उघडून बघत होतो, बिघडलेत की काय. लॅपटॉपवर घड्याळ अजून इंग्लंडचंच आहे. मुलाशी बोलताना तिथे किती वाजलेत ते दिसतं म्हणून मी बदललं नाही.

दुसरं असं की आपल्याकडे घड्याळ बदलतच नाही असं वर लिहिलंय. आत्ता नाही, पण दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ आपलीही घड्याळं एक तास पुढे होती. आणि त्याआधीपासून मुंबईची स्वतःची वेळ होतीच, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. माझे वडील लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त वाचताना "कुठला टाइम?" असं विचारायचे, ते मला लहानपणी कळायचं नाही.

---

वागळे_इस्टेट_१६नंबर · पहाटे ५:४०

काका, फोटो बिघडलेले नाहीत, निश्चिंत राहा. तुमची बाहेरची डिस्क बहुधा फॅट३२ या फाइली मांडायच्या पद्धतीची आहे. लॅपटॉपच्या आतली एनटीएफएस ही पद्धत फाइलची वेळ यूटीसीत ठेवते, १ जानेवारी १६०१ पासून मोजत. फॅट३२ मात्र भिंतीवरच्या घड्याळात जे दिसतं तेच लिहून ठेवते, कुठलं घड्याळ ते लिहीत नाही. इंग्लंडचं घड्याळ सरकलं की लॅपटॉपला डिस्कवरची प्रत्येक फाइल एक तासाने वेगळी दिसते. रोबोकॉपीला वाटतं सगळंच बदललं, म्हणून तो सगळं परत उतरवतो.

मुलाला सांगा, कमांडच्या शेवटी स्लॅश डीएसटी आणि स्लॅश एफएफटी जोडायला. पहिल्याने एका तासाचा फरक तो माफ करतो. दुसऱ्याने दोन सेकंदांपर्यंतचा, कारण फाइल शेवटची बदलल्याची वेळ फॅट दोन सेकंदांपेक्षा बारीक लिहीतच नाही. लॅपटॉप भारतीय वेळेवर आणलात तर हा त्रास कायमचाच संपेल, पण त्या पहिल्या वेळी साडेपाच तासांच्या फरकामुळे एकदा सगळं परत उतरेल, तेव्हा घाबरू नका. लीड्सची वेळ दाखवणारं दुसरं घड्याळ विंडोजमध्ये शेजारी लावता येतं.

आणि चाळीस हजार फोटो एकाच डिस्कवर ठेवू नका, काका. दुसरी एक घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. आईचे फोटो परत काढता येणार नाहीत.

---

घणसोलीची_डीबीए · सकाळी ६:०४

झालं.

फुलनंतर ४७ लॉग लागले, आधीच्या यादीप्रमाणे ते ४३ च होते. ०१४५ चा पहिला झाल्यावर परत ०१०० कडे आले, फाइल क्रमांक २ असं हाताने लिहिलं आणि एंटर दाबताना श्वास रोखून धरला होता. लागला. मग ०११५, ०१३०, ०१४५ चे दुसरे. मग ०२००, ज्याच्यावर मी चार तास डोकं आपटलं, तो दोन सेकंदांत लागला. ०९४५ च्या लॉगवर स्टॉपॅट (इथवरच लाव) ९:३५ दिलं आणि डेटाबेस उघडला. दरपत्रकात २,३१६ ओळी. त्यांच्या माणसाने पाच-सहा तपासण्यांचे दर फोनवर वाचून घेतले आणि "येस, येस" म्हणत गेला.

वागळे दादा, तुम्ही "०१०० ला अडकायला हवं होतं" लिहिलंत तेव्हा मी ते तीनदा वाचलं. एरर कुठे आला याच्याकडे मी बघतच होते, पण कुठे आला नाही याच्याकडे बघितलं नव्हतं. कोपरीकरांचेही आभार, आता रविवारी पहाटे ५ चा एक डिफरन्शियल वाढवायला मी क्लायंटला लिहिलंय. काका, तुमचे मासुंदा तलावपाळीचे फोटो कधी इथे टाकाल तर बघायला आवडतील. माझी आजी तिथल्याच शाळेत होती.

सर्व्हिसचं तिकीट माझ्या नावावर घेतलंय: नावात यूटीसी, मॉनिटरिंगमध्ये एलएसएन. ८ मार्च २०२६ च्या आधी ते लाइव्ह करायचं आहे. त्या चार फाइलींच्या प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत, कारण जुन्या फाइली पुसणारा जॉब सात दिवसांनी येईल. तोही नावावरूनच तारीख वाचतो. ते आता बघते, गाडी यायला पंचवीस मिनिटं आहेत.